डोंगरावरचं तळं

डोंगराचं नाव सांगत नाही. गेल्या चार-पाच वर्षांत बेळगावच्या आसपासच्या ज्या डोंगराचं नाव कुणी मोबाईलवर टाकलं, तिथे पुढच्या रविवारपर्यंत वेफर्सची पाकिटं पोहोचली. हा डोंगर अजून वाचला आहे. जांबोटीच्या पुढे मोठा रस्ता सोडून आत शिरायचं, मग डांबर संपतं, मग गाव येतं आणि गावाच्या मागे हा उभा. त्यावर किल्ला नाही, लेणी नाहीत, धबधबाही नाही. अरण्य खात्याचा गंजलेला कन्नड फलक आणि त्याच्या बगलेतून वर जाणारी गुरांची वाट, एवढाच त्याचा थाट. गावकरी वर्षातून एकदा पूजेला वर जातात, एरवी तिकडे कुणी फिरकत नाही.

मी चालणाऱ्यांतली नाही. टिळकवाडीतलं घर ते कोर्ट आणि कोर्ट ते घर, तेही स्कूटरवर. आमच्या वकील मंडळींचा ट्रेकिंगचा एक ग्रुप आहे. ते दर महिन्याला कुठे ना कुठे जातात आणि सोमवारी बार रूममध्ये लंगडत येऊन निसर्गाबद्दल बोलतात. त्यांनी मला दोनदा बोलावलं, मी दोन्ही वेळा पाहुण्यांचं निमित्त सांगितलं. त्यामुळे डोंगर चढायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं, आणि ती माझ्या ऐंशीला टेकलेल्या वडिलांमुळे येईल असं तर मुळीच नाही.

आप्पा निपाणीत शिक्षक होते. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, या डोंगराखालच्या गावचे. गावाच्या कडेला आमच्या लोकांची पाच-सहा घरं होती. गावाचं पडेल ते काम आणि सणावाराला हलगी, हा आजोबांच्या वाटणीचा भाग. आप्पा लहान असतानाच त्यांनी गाव सोडलं आणि बायकोपोरांना घेऊन निपाणी गाठली. तंबाखूच्या वखारीत आजोबा पोती उचलायचे, आजी पाला निवडायची. पुढचं सगळं आमच्याकडच्या बऱ्याच घरांत झालं तसंच झालं: शाळा, वसतिगृह, दीक्षा, नोकरी, पक्कं घर, मग माझं लॉ कॉलेज. गावाकडे परत कुणी गेलं नाही. जावं असं तिथे काही उरलंही नव्हतं.

एक गोष्ट मात्र आजोबा गावाहून बरोबर घेऊन आले होते. वखारीतून आले, खोकून झालं, की ते आपल्या दोन पोरांना डोंगरावरच्या तळ्याचं सांगायचे. अगदी माथ्यावर गोल तळं. काठावर पाण्याकडे वाकलेला चाफा. पाणी इतकं गार की ओंजळ तोंडाला लावली तर दात वाजावेत. काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघितलं की डोंगर संपतात आणि समुद्राची रेघ दिसते. वर्षातून एकदा सगळं गाव पूजेला वर जायचं आणि आजोबा हलगी घेऊन बरोबर असायचे. ती दोन पोरं म्हणजे आप्पा आणि माझी आत्या. पत्र्याच्या खोलीत, तंबाखूच्या उग्र वासात, दोघं त्या तळ्याकाठी वाढली म्हटलं तरी चालेल. आजोबा माझ्या जन्माआधीच गेले, पण तळं माझ्यापर्यंत आलं. लहानपणी मी जेवायला कुरकुर केली की आत्या मला तळ्याकाठी बसवून भरवायची. मोठी झाल्यावर मी ते सगळं डोक्यातून काढून टाकलं. आप्पांनी टाकलं नव्हतं, हे मला गेल्या वर्षी कळलं.

गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. पट्टी निघाल्यावर ते लहान मुलासारखे भिंतीवरची पालसुद्धा कौतुकाने बघायला लागले. त्यानंतर महिनाभरात छातीत दुखायला लागलं. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या वाढवल्या, आणि यापुढे जिने सुद्धा जपून चढा म्हणाले. कुणीही शहाणा माणूस यातून घरी बसायचं ठरवील. आप्पांनी उलटाच हिशेब मांडला. नजर आत्ता परत आली आहे, छाती जायला निघाली आहे, म्हणजे तळं बघायचं तर आत्ताच.

मी हात टेकले. आधी डॉक्टरांची भीती घालून बघितली, मग थंडीची, मग अस्वलांची. शेवटी म्हटलं, "आप्पा, आपल्या घरात देव्हारा नाही आणि तुम्ही देवाच्या डोंगरावर निघालात?"

"देव बघाय कोण चाललंय?" ते म्हणाले. "मी तळं बघाय चाललोय. तळं काय कुणाच्या बापाचं न्हाय."

आत्या तेव्हा निपाणीत अंथरुणाला खिळलेली होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती उठलीच नाही. आप्पांपेक्षा चार वर्षांनी मोठी. तिला फोनवर हा बेत कळला आणि माझा शेवटचा आधारही गेला. मला वाटलं होतं ती भावाला झापेल. ती म्हणाली, "जाऊ दे गं त्येला. माझ्या वाटचं बी बघून ईल."

आमच्या कोर्टाच्या ऑफिसातले एक क्लार्क नेमके त्याच गावचे निघाले. शेतकरी घर, आठवडाभर बेळगावात फायली आणि रविवारी गावाकडे भात, नाचणी. माणूस शांत आणि नीट वागणारा. मी विचारलं तर लगेच तयार झाले. म्हणाले, चढ फार नाही, पण अण्णांना, म्हणजे आप्पांना, घेऊन सावकाश जावं लागेल. त्यांना तळ्याबद्दल आधीच विचारावं हे मला सुचलं नाही. जे लहानपणापासून ऐकलं ते आहे की नाही असं विचारायचं आपल्या मनात येत नाही. माझ्यासारख्या दिवसभर साक्षीदारांना उलटेसुलटे प्रश्न विचारणाऱ्या बाईच्याही आलं नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही गाडी करून गावात पोहोचलो. क्लार्कच्या आईने घरात बसवून गुळाचा चहा दिला. कप कुठला येतो हे बघायची सवय मला माझ्या आईकडून लागली आहे, आणि ती जात नाही. घरातल्या सगळ्यांसारखेच स्टीलचे कप आले, माझा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडावा लागला याचा नेहमीसारखा राग आला. आप्पांनी मात्र चहा घेता घेता आपलं घर कुठे होतं ते विचारून घेतलं. तिथे आता कुणाची तरी काजूची बाग होती. "बरं झालं," आप्पा म्हणाले आणि उठले.

वाटेला लागण्याआधी त्यांनी क्लार्कना बजावलं, "वरचं कायबी सांगू नका मला. बघायलाच चाललोय न्हवं?"

क्लार्कनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काहीतरी होतं, पण मी तेव्हा जिभेखाली ठेवायची गोळी पर्समधून काढून वरच्या खिशात ठेवत होते. ते "बरं अण्णा" म्हणाले आणि पुढे झाले.

पहिला टप्पा जंगलातला होता. जांभळी, हिरडे, खाली वाळलेला पाला, आणि मधूनच गव्याच्या खुरांनी उकरलेली ओली माती. आप्पा अधूनमधून थांबायचे, पण दम लागला म्हणून थांबलो असं एकदाही कबूल केलं नाही. थांबले की समोरच्या झाडाचं नाव सांगायचे आणि ते मी पाठ करावं अशी त्यांची अपेक्षा असायची. त्या एका चढात मला इतकी झाडं शिकवून झाली की वनखात्याची परीक्षा दिली असती. एकदा खरंच चेहरा पांढरा पडला. मी गोळी पुढे केली. त्यांनी ती घेतली, जिभेखाली धरली, आणि बोलता येत नव्हतं म्हणून बोटाने गेळ्याचं झुडूप दाखवलं. मी घाबरले होते. परत फिरू म्हटलं. त्यांनी गोळी विरघळेपर्यंत मान हलवली नाही आणि नंतर हलवली ती नकारार्थीच.

झाडं विरळ झाली तशी एक सपाट जागा आली. वाटेच्या एका अंगाला गुडघाभर उंचीचा रुंद दगड होता, वरून बसून बसून झिजल्यासारखा. वर बघितलं तर डोंगराचा फुगवटा माथा झाकत होता. खाली झाडं गाव झाकत होती. क्लार्क म्हणाले, "हितं जरा टेकू."

आप्पा दगडावर बसले. "जागा ब्येस हाय," म्हणाले. "कसली ही?"

क्लार्क चपलेने पालापाचोळा सारत म्हणाले, "हितं हलगी थांबायची, अण्णा."

"म्हंजे?"

"म्हंजे आमच्या आज्याच्या वेळेला. पूजेच्या दिवशी हलगीवाली माणसं हितंपातूर यायची. बाकीचं गाव वर जायचं. पूजा व्हईपातूर, शेवटचं माणूस उतरंपातूर हलगी वाजत ऱ्हायला पायजे, असा रिवाज. मधी थांबली तर पूजा मोडली म्हणायचे."

"आणि वर?"

"वर न्हाय जायची ती माणसं."

हे त्यांनी आमच्याकडे न बघता सांगितलं. सांगायला नको होतं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि विचारल्यावर खोटं सांगणंही त्यांना जमलं नसावं. त्यांचा मला राग आला नाही. राग आला तो त्या दगडाचा. इतका साधा, बसायला सोयीचा दगड. माणसाला अडवायला भिंत नाही, कुंपण नाही, कुणी उभा नाही; फक्त इथपर्यंत असं एकदा ठरलं आणि बाप, त्याचा बाप, त्याचा बाप इथे उभे राहून वाजवत राहिले. वरच्यांना हलगी ऐकू यायची. इथल्यांना वरचं काही दिसत नव्हतं.

मी आप्पांकडे बघितलं. ते दगडावरून हात फिरवत होते, वर्गात बाकावरची धूळ बघायचे तसा. मला वाटलं आता म्हणतील, चला मागे. मनातून मला तेच हवं होतं, छातीसाठी आणि इतर गोष्टींसाठीही.

"आता हलगी कुठंपातूर येती?" त्यांनी विचारलं.

"आता हलगी न्हाईच. गावात स्पीकर लावत्यात."

"बरं," म्हणून आप्पा उठले. "चला, वर जाऊ."

उरलेल्या चढाला झाड नव्हतं. जांभ्या दगडावर वाळकं गवत, पायाखाली सटकणारे खडे आणि ऊन. आता ते एकाही झाडाचं नाव सांगायला थांबले नाहीत. माझा हात धरला होता, पण ओढत तेच मला होते. क्लार्क पुढे न जाता मागे राहिले होते. का ते मी विचारलं नाही, पण पुढे आप्पा होते हे बरं वाटलं.

माथ्यावर आल्यावर आधी वारा लागला. कातळाचा मोठा सपाट सडा, पिवळं गवत, मध्यभागी सिमेंटच्या ओट्यावर शेंदूर लावलेला दगड, लोखंडी कमानीला घंटा, आणि ओट्यामागे गेल्या पूजेच्या पाण्याच्या बाटल्या. मी तळं शोधायला लागले. आधी वाटलं पलीकडच्या उतारावर असेल. तिकडे गेले, नव्हतं. मग वाटलं बुजलं असेल, निदान खळगा तरी असेल. सड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गवतातून फिरले. जमीन सगळीकडे सारखी, पाय आपटला तर खडकच वाजत होता. झाडाचा बुंधासुद्धा कुठे नव्हता. पश्चिमेला बघितलं. एक डोंगररांग, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे फिकट तिसरी. समुद्र असलाच तर त्यांच्या पलीकडे कुठेतरी.

परत येऊन मी क्लार्कना बाजूला घेतलं. "तळं कधी बुजलं?"

"मॅडम, वर पाणी कधीच नव्हतं," ते हळू म्हणाले. "पूजेचं पाणी बी घागरीनं खालनंच आणत्यात. खाली घरातच सांगणार होतो मी. त्यांनी नको म्हटलं."

आप्पा ओट्यापासून लांब, एका जांभ्या दगडावर बसले होते. मी जाऊन शेजारी बसले. हे त्यांना कसं सांगावं याची मी मनात जुळवाजुळव करत होते. आयुष्यभर लोकांना वाईट निकाल समजावून सांगितले आहेत, पण त्यातलं एकही वाक्य इथे कामाचं नव्हतं. शेवटी म्हटलं, "आप्पा, आजोबा इथे कधी आलेच नव्हते."

"ते मला खालीच कळलं," आप्पा म्हणाले. "दगडापाशी."

"मग वर कशाला आलात? छातीत दुखत होतं तुमच्या."

त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. पुसताना बराच वेळ लावला. मग बोलायला लागले ते वाऱ्याकडे तोंड करून.

"मला राग आलाय. बाचा न्हाय. मला जनमभर वाटायचं की आपल्याकडं एक तळं हुतं, गाव सोडलं म्हणून सुटलं. ते कधी नव्हतंच आपलं. दिवसभर खाली हुबा ऱ्हाऊन हात सुजंपातूर वाजवायचं. वरची माणसं उतरायची, ह्येच्या अंगावरनं घरला जायची. हा घरला आल्यावर पोरं इचारणार, वर काय बघितलंस? काय सांगावं त्येनं? अर्ध्यातनं माघारी आलो म्हणून सांगावं?" ते थांबले. "त्येनं तळं खणलं आमच्यासाठी. त्येच्याजवळ दुसरं काय हुतं?"

मी आप्पांना रडताना त्याआधी एकदाच बघितलं होतं, आई गेली तेव्हा. मी त्यांचा हात धरून बसले. मला आजोबांचं खूप वाईट वाटलं. न बघितलेल्या माणसाचं इतकं वाईट वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं. क्लार्क घंटेच्या कमानीपाशी पाठ करून उभे होते.

खाली अजिबात रेंज नव्हती. माथ्यावर ती पूर्ण होती. माझा फोन एकदम टणटणायला लागला. आत्याचे कितीतरी मिस्ड कॉल. ते वाचून होईपर्यंत पुन्हा तिचाच फोन वाजला. सकाळपासून ती मोबाईल उशाशी घेऊन पडली असणार. मी आप्पांकडे बघितलं. शाळेत खोटं बोलणाऱ्या पोराला ते मारत नसत. खरं काय ते सांगेपर्यंत समोर उभं करून ठेवत आणि तेवढ्यानेच पोरं रडकुंडीला येत. मलाही तसंच वाढवलं. जे आहे ते सांगायचं, पुढचं पुढे. त्यांनी फोन मागून घेतला. ऐकू नीट येत नाही म्हणून मी स्पीकर सुरू करून दिला.

"पोचलासा?" आत्याचा आवाज वाऱ्यात फाटत होता. "छातीत बरं हाय न्हवं?"

"बरं हाय."

"तळं हाय न्हवं रं?"

आप्पांनी समोरच्या गवतावरून नजर फिरवली. ऑपरेशन केलेल्या डोळ्यांनी त्यांना प्रत्येक काडी स्पष्ट दिसत असणार.

"हाय की आक्का," ते म्हणाले. "पाणी बी हाय."

मला वाटलं फोन कट झाला. मग ती म्हणाली, "आणि बा? पूजेला आल्यावर बा कुठं हुबा ऱ्हायचा, ती जागा कळली का रं?"

आप्पा दगडावरून उठून उभे राहिले. फोन तोंडाशी नीट धरला, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं म्हणून काढायचे त्या आवाजात म्हणाले, "कळली गं. एकदम वर, आक्का. त्येच्या वर मग काय न्हाय."